डेस्कची रात्रपाळी सांभाळून जनसंवादाची नेट-सेट: विट्याच्या उपसंपादकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मूळची विट्याची, कराडला एका दैनिकाच्या आवृत्तीत उपसंपादक. पत्रकारिता व जनसंवादात एम.ए. होऊन तीन वर्षं झाली. नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दोनदा दिली, दोन्ही वेळा राहिली. पेपर एक बरा जातो, पेपर दोनमध्ये गाडी अडते. तिला चार गोष्टी हव्या आहेत: नेटच द्यावी की सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही, पुण्याला जाऊन क्लास लावावा का, इंग्रजीतले सिद्धान्त डोक्यात राहत नाहीत त्याचं काय करायचं, आणि पान छपाईला सोडून घरी यायला रात्रीचे दोन वाजतात, तर अभ्यास कधी करायचा.

मी स्वतः दहा वर्षं डेस्कवर काढली आणि मग शिकवायला आले. साताऱ्यात हा विषय शिकवते. माझी नेट तिसऱ्या प्रयत्नात निघाली, तीही नोकरी करत असताना. त्यामुळे तुमच्या चारही प्रश्नांतून मी गेले आहे.

पहिला प्रश्न लवकर संपतो. दोन्ही द्या. अभ्यासक्रम एकच आहे, प्रश्नांची संख्याही तीच: पेपर एकमध्ये ५० प्रश्न १०० गुणांना, पेपर दोनमध्ये १०० प्रश्न २०० गुणांना. नेट जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते, संगणकावर, दोन्ही पेपर सलग तीन तासांत. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. नेट झाली तर देशात कुठेही सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरता, आणि गुण वर असतील तर जेआरएफही, म्हणजे महिन्याला ३७,००० रुपये शिष्यवृत्ती. जेआरएफला ३० वर्षांची वयोमर्यादा आहे, पण महिलांना पाच वर्षांची सवलत मिळते, ती लक्षात ठेवून अर्ज भरा. जून २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशालाही नेटचे गुण धरतात. सेटला जेआरएफ नाही, आणि ती आपल्या राज्यापुरती. पण तुम्हाला सातारा-सांगली-कोल्हापूर सोडायचं नाही, तर तुमच्यासाठी सेट काही दुय्यम नाही.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. खुल्या गटाला ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२०, ही फक्त उंबरठ्याची अट आहे. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरवले जातात. त्यामुळे खरी कट-ऑफ त्याच्या बरीच वर जाते. मागच्या वेळी "पास होण्याइतके तर पडले होते" असं तुम्ही लिहिलंय, ते याच गैरसमजातून.

पुण्याला जाऊ नका. नोकरी सोडून तर मुळीच नाही. मी क्लासच्या विरोधात नाही. पण पेपर दोनच्या दहा घटकांपैकी वार्तांकन-संपादन तुम्ही रोज जगता, माध्यम व्यवस्थापन जाहिरात विभागाशी भांडताना रोज बघता. जे अडतं ते वर्गात बसून सुटणारं नाही. शिवाय आयत्या नोट्सचा एक धोका मी भोगलेला आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स मी वर्षभर घोकल्या. त्यात 'केसरी'चे पहिले संपादक म्हणून टिळकांचं नाव होतं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि मी बेधडक टिळकांवर खूण केली. पहिले संपादक आगरकर. टिळक तेव्हा इंग्रजी 'मराठा' बघत होते. त्यानंतर मी परक्याच्या नोट्स वाचल्या, पण पाठ केल्या त्या फक्त माझ्या हाताने लिहिलेल्या.

तुमच्या मूळ अडचणीचं सगळं उत्तर हेच आहे असं मला वाटतं. हा पेपर विद्वत्तेचा नाही. आपली मुलं अडतात कारण सगळं परक्या गावातलं वाटतं: ओहायो, चॅपेल हिल, शिकागो. नाव लक्षात राहतं तर वर्ष जातं, वर्ष राहिलं तर सिद्धान्त दुसऱ्याच्याच नावावर टाकला जातो. उपाय एकच: आधी आपल्या मातीत, आपल्या भाषेत समजून घ्यायचं आणि मग त्यावर इंग्रजी शब्दाची, नावाची आणि सालाची चिठ्ठी चिकटवायची. उलट क्रमाने केलं की टिकत नाही. नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, म्हणून चिठ्ठी लागतेच. पण ती शेवटी.

करायचं कसं ते तुमच्याच टेबलावरून दाखवते. रात्री साडेनऊला तुमच्यापुढे पाटण, कोरेगाव, खटाव, माण इथून तालुका प्रतिनिधींच्या चाळीस बातम्या पडलेल्या असतात, आणि जाहिराती धरून पानात जागा चौदांची. सव्वीस बातम्या तुम्ही मारता. हे गेटकीपिंग. कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली, ती घरात कोणतं अन्न ताटापर्यंत पोहोचतं याच्या अभ्यासातून. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये ती बातमीला लावली. त्यांनी एका अमेरिकी दैनिकातल्या तार-संपादकाला आठवडाभर नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर नाकारण्याचं कारण लिहायला लावलं. त्या माणसाला त्यांनी 'मिस्टर गेट्स' म्हटलं. बरीच कारणं वैयक्तिक आवडीनिवडीची निघाली, आणि बरीच निव्वळ "जागा नाही" अशी.

आता तुम्ही एवढंच करा. एक आठवडा, मारलेल्या प्रत्येक बातमीच्या प्रिंटवर पेन्सिलीने दोन शब्द लिहा. "जागा नाही." "कालच लागली." "सप्ताहाची बातमी, फोटो नाही." "पुढाऱ्याचा वाढदिवस." आठवडा संपला की गठ्ठा काढा आणि कारणं मोजा. मी माझ्या एका विद्यार्थिनीला हे करायला लावलं होतं. तिच्या गठ्ठ्यात दुष्काळी गावांच्या बातम्यांवर सात ठिकाणी "रोजचंच आहे" असं निघालं, आणि ती स्वतःच गप्प झाली. तिला त्यानंतर गेटकीपिंग कधी वाचावं लागलं नाही, आणि त्याच कागदांवरून बातमीमूल्यांचा भागही झाला. गाल्टुंग आणि रूज, १९६५: नित्याची गोष्ट, ती कितीही मोठी असो, बातमी का होत नाही हे त्या सात कागदांवर लिहिलेलं होतं.

दुसरं उदाहरण सांगलीच्या पुराचं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. वीज गेलेली, रस्ते बंद, आणि गावभाग-मारुती चौकातला माणूस दर तासाला एकच विचारत होता: कोयनेतून किती सोडलं? पातळी किती? एरवी जो पेपर चाळून बाजूला ठेवतो, तो फोनची बॅटरी राखून ठेवून फक्त त्या आकड्यासाठी फोन सुरू करत होता. माहितीचे बाकीचे मार्ग बंद झाले आणि परिस्थिती अस्थिर झाली की माणसाचं माध्यमावरचं अवलंबन वाढतं, आणि अवलंबन वाढलं की परिणामही वाढतो. हा अवलंबित्व सिद्धान्त, बॉल-रोकीच आणि डीफ्लर, १९७६. त्याच दिवसांत धरण फुटल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरली की लोक का पळत सुटतात, हेही त्यातच आलं.

असं एकेक घ्या. ग्रामसभेत दारू दुकानाच्या ठरावाला मनातून विरोध असणारे वीस जण, समोरच्यांचा आवाज मोठा बघून हात खाली ठेवतात: मौनाचं वर्तुळ (स्पायरल ऑफ सायलेन्स), नोएल-नॉयमान, १९७४. पारावर पेपर वाचून दाखवणारे गुरुजी आणि त्यांच्याकडून ऐकून मत बनवणारं गाव: द्विस्तरीय प्रवाह. लाझार्सफेल्ड, बेरेल्सन आणि गोडेट यांनी १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायोतल्या एरी काउंटीत हे पाहिलं, पुस्तक १९४४ चं. तासगाव भागात द्राक्षाला ठिबक आधी कोणी केलं, कोणी शेजाऱ्याचा प्लॉट बघून केलं, कोणी अनुदान आल्यावर आणि कोणी अजूनही पाटपाणीच सोडतो: हा नवप्रसार, एव्हरेट रॉजर्स, १९६२. त्यातले टक्के विचारतात: अडीच, साडेतेरा, चौतीस, चौतीस, सोळा. माझे विद्यार्थी त्या पाच गटांना आपल्या गावातल्या पाच शेतकऱ्यांची नावं देतात. टक्के विसरत नाहीत मग.

चॅपेल हिलच्या अजेंडा-सेटिंगला मात्र थोडं जपा, कारण तिथे जवळच्या तीन कल्पना एकमेकींत मिसळतात. जतचं पाणी सलग पंधरा दिवस पहिल्या पानावर राहिलं आणि लोक त्यावरच बोलू लागले, तर अजेंडा-सेटिंग. मॅककॉम्ब्स आणि शॉ, अभ्यास १९६८ च्या निवडणुकीचा, १०० अनिश्चित मतदारांचा, प्रसिद्ध झाला १९७२ मध्ये. तेच पाणी "शासनाचं अपयश" म्हणून मांडलं की "निसर्गाची अवकृपा" म्हणून, हे फ्रेमिंग. आणि पंधरा दिवस पाणी वाचल्यामुळे मतदार आमदाराला फक्त पाण्याच्याच मापाने मोजू लागला, तर प्रायमिंग. प्रश्न विधानांच्या स्वरूपात येतो, आणि तिन्ही विधानं वाचताना सारखीच खरी वाटतात. तुमच्या डोक्यात जत असेल तर वाटणार नाहीत.

यासाठी दोनशे पानी वही करा. डाव्या पानावर मराठीत आपलं उदाहरण, चार-पाच ओळी. उजव्या पानावर इंग्रजी संज्ञा, नाव, साल, पुस्तक, आणि त्या सिद्धान्तावरचा एक आक्षेप. आक्षेप लिहिल्याशिवाय पान पूर्ण झालं असं धरू नका. प्रतिपादन-कारण प्रकारचे, म्हणजे एक विधान आणि त्याचं कारण देऊन दोन्ही तपासायला लावणारे प्रश्न बहुधा आक्षेपातूनच काढतात.

इतिहासाला हीच रीत, आणि इथे आपल्या भागाइतकं सोनं फार थोड्या भागांत असेल. तुम्ही विट्याच्या, म्हणजे टेंभू योजनेचं पाणी तुमच्या तालुक्यात येतं. त्याच कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. टेंभूवरून दोरी सोडा. मागे जाते ती बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'कडे, ६ जानेवारी १८३२. मग भाऊ महाजनांचं 'प्रभाकर', १८४१. कृष्णराव भालेकरांचं 'दीनबंधु', १८७७, सत्यशोधक पत्रकारितेचा आरंभ. लगेच पुढच्या वर्षी लिटनचा देशी वृत्तपत्रांचा कायदा. १८८१ 'केसरी' आणि 'मराठा'. १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरच्या लिखाणावरून बदनामीचा खटला, आणि टिळक-आगरकर दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८८८ मध्ये मतभेदानंतर आगरकरांचा 'सुधारक'. आणि ज्या साताऱ्याच्या शाळेत १९०० साली एक मुलगा दाखल झाला, त्या भीमराव आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं. या दोरीवर बाकीचा देश टांगा: हिकीचं 'बेंगाल गॅझेट' १७८०, मुंबई समाचार १८२२, उदन्त मार्तंड १८२६. हे तिन्ही 'दर्पण'च्या आधीचे, एवढं लक्षात राहिलं तरी कालक्रमाचा अर्धा प्रश्न सुटतो.

आकाशवाणीच्या इतिहासातही आपला जिल्हा आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या केंद्रावरून रेडिओ ग्रामीण मंचाचा प्रयोग झाला, १५० गावांत. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा असे जिल्हे. आजचा सातारा तेव्हा उत्तर सातारा म्हणवायचा. दक्षिण सातारा म्हणजे आजची सांगली. गावातले पंधरा-वीस जण संचाभोवती बसून ऐकायचे, मग चर्चा करायचे, मग काही ठरवायचे. ऐका, बोला, करा. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं. विकास संवादावर प्रश्न आला की साइट, म्हणजे उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा प्रयोग, १९७५-७६, सहा राज्यांतली २,४०० गावं, हे सगळ्यांना येतं. त्याच्या वीस वर्षं आधी खेडी रेडिओभोवती बसत होती हे आपल्या मुलांना तरी यायला हवं.

आणि एक दिवस काढून म्हसवडला जा. माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून तिथून चालतो. जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. मी मुलांना म्हसवडला नेलं होतं. छोटा स्टुडिओ, माइकसमोर गावातलीच बाई, तिच्याच बोलीत. परत येताना एसटीत मी त्यांना कायद्याची साखळी सांगितली: १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी, २००४ मध्ये चेन्नईचं अण्णा एफएम, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं आणि २००८ मध्ये हे म्हसवड. पुसेसावळी येईपर्यंत सगळ्यांची पाठ झाली होती. पाच सालं, एकच गोष्ट.

माध्यम कायद्यांबद्दल कडक सूचना. हाती लागलेली कोणतीही नोट्सची वही आधी तपासा: वृत्तपत्र नोंदणीचा कायदा कोणता लिहिलाय? १८६७ चा चालू कायदा म्हणून लिहिला असेल तर ती वही इतिहासासाठी ठेवा, कायद्यासाठी नाही. प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरियॉडिकल्स ॲक्ट २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि आरएनआयच्या, म्हणजे वृत्तपत्र निबंधकांच्या जागी प्रेस रजिस्ट्रार जनरल आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बदनामीची ४९९-५०० ही कलमं आपल्या ओठांवर असतात, आता ती ३५६ आहे. चित्रपट कायद्यात २०२३ ची दुरुस्ती आली, यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ असे वयोगट झाले. विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही २०२३ चाच. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना उत्तरसूचीतलं त्या वेळचं बरोबर उत्तर आज चुकीचं असू शकतं, तिथे लाल पेनाने खूण करत चला.

न्यायालयीन खटले फार नाहीत, पण नुसत्या याद्या पाठ करू नका. एका ओळीत "सरकारने काय केलं, न्यायालयाने काय म्हटलं" एवढं लिहा. सकाळ पेपर्स, १९६२: सरकारने पानांच्या संख्येवरून दैनिकाची किंमत ठरवायचा घाट घातला. तुम्ही पान लावणाऱ्या आहात, कल्पना करा, दोन पानं वाढवायची तर किंमत वाढवा, किंमत वाढली की खप पडणार. खप कमी करणं म्हणजेच अभिव्यक्तीवर घाला, असं न्यायालयाने मानलं. बेनेट कोलमन, १९७३: तोच मुद्दा न्यूजप्रिंटच्या, म्हणजे छपाईच्या कागदाच्या बाजूने. श्रेया सिंघल, २०१५: पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती, त्यातून उभी राहिलेली याचिका, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ रद्द.

आता प्रश्न सोडवण्याची रीत. पेपर दोनमध्ये सरळ प्रश्न कमी. जोड्या, कालक्रम, प्रतिपादन-कारण, आणि "अ, ब आणि ड बरोबर" असे पर्याय. समजा हा प्रश्न आला, कालक्रमाने लावा: अ) प्रसार भारती कायदा, ब) पहिला प्रेस आयोग, क) दुसरा प्रेस आयोग, ड) प्रेस कौन्सिलची पहिली स्थापना, इ) माहितीचा अधिकार कायदा. सालं आठवत बसू नका, गोष्ट आठवा. स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्रांची पाहणी करायला १९५२ मध्ये पहिला आयोग, न्यायमूर्ती राजाध्यक्षांचा. त्याने कौन्सिल हवं म्हटलं, ते १९६६ ला आलं. आणीबाणीत ते मोडलं. जनता सरकार आलं, १९७८ ला दुसरा आयोग आणि नवा कौन्सिल कायदा. त्याच काळात आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी वर्गीज समिती; ती मागणी फळली १९९० च्या प्रसार भारती कायद्यात, जो प्रत्यक्षात आला १९९७ ला. माहितीचा अधिकार २००५. म्हणजे ब-ड-क-अ-इ. यातलं पहिलं आणि शेवटचं पक्कं असेल तरी चारपैकी दोन पर्याय उडतात.

तीन तासांत १५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मागच्या वेळी तुम्ही अकरा सोडलेत असं लिहिलंय. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. उताऱ्यावरचे प्रश्न आधी करा. ते हातचे गुण आहेत आणि दमल्यावर उतारा डोक्यात शिरत नाही.

संशोधन पद्धती हा घटक आपली मुलं टाळतात आणि तिथेच मागे पडतात. तुम्हाला त्याची भीती वाटायचं कारण नाही, तुमच्याकडे कच्चा माल आहे. आपल्याच पेपरचा 'रचित आठवडा' घ्या: या आठवड्याचा सोमवार, पुढच्याचा मंगळवार, त्यापुढच्याचा बुधवार. सलग सात दिवस घेतले तर एखादी निवडणूक किंवा यात्रा सगळं झाकोळून टाकते, म्हणून असा. पहिल्या पानावरच्या शंभर बातम्यांना विषय द्या: शेती, गुन्हे, राजकारण, शिक्षण. एखाद्या सहकाऱ्याला तेच स्वतंत्रपणे करायला सांगा. चौऱ्याऐंशी बातम्यांवर दोघींचं जमलं, तर होल्स्टीच्या सूत्राने दोनदा ८४ भागिले २००, म्हणजे ०.८४. आशय-विश्लेषण झालं, नमुना निवड झाली, विश्वसनीयता झाली. मोजमापाच्या चार पातळ्यांसाठी पुन्हा पाऊस घ्या: तालुक्याचं नाव ही नामिक, पिवळा-नारिंगी-लाल इशारा ही क्रमिक, अंश सेल्सिअसमधलं तापमान ही अंतराल, आणि कोयनेचा क्युसेकमधला विसर्ग ही गुणोत्तर पातळी, कारण तिथे शून्य म्हणजे खरोखरच पाणी नाही, आणि दहा हजार हे पाच हजारांच्या नेमके दुप्पट. काय-वर्ग, टी-चाचणी आणि ॲनोव्हा या सांख्यिकी चाचण्यांतली कोणती कुठे लावायची एवढंच कळू द्या, आकडेमोड लांबलचक येत नाही.

जाहिरात आणि जनसंपर्क हे पाठांतराचे घटक आहेत, पंधरा दिवसांत होतात. आयडा, डॅगमार ही जाहिरातीची प्रारूपं, यूएसपी म्हणजे मालाचा वेगळेपणाचा मुद्दा, ग्रूनिग-हंट यांची १९८४ ची चार प्रारूपं, जाहिरात किती पोहोचली ते मोजणारा जीआरपी म्हणजे पोहोच गुणिले वारंवारता. चित्रपटाला तुम्हाला आवड आहे म्हणता, मग वेळ घालवू नका. मोंताज, नववास्तववाद, फ्रेंच नवप्रवाह आणि भारतीय टप्पे, १९१३ चा मूकपट ते १९३१ चा बोलपट, एवढं बास. माहिती तंत्रज्ञान घटक बातम्या वाचून अद्ययावत ठेवा.

पेपर एक बरा जातो म्हणून सोडून देऊ नका. त्यात संवाद आणि संशोधन हे दोन घटक तुमच्या पेपर दोनचेच आहेत. आकडेवारीच्या तक्त्याचे प्रश्न रोज पाच सोडवले तरी पुरेत. कॅल्क्युलेटर मिळत नाही, तोंडी टक्केवारीची सवय मोडली असेल तर पुन्हा लावून घ्या.

राहिला वेळेचा प्रश्न. दोनला घरी येऊन पहाटे पाचला उठायचा निश्चय करू नका. मी तो केला होता, आठव्या दिवशी तापाने पडले. सात तास झोपा, नऊला उठा. साडेदहा ते साडेबारा हे दोन तास तुमचे, फोन दुसऱ्या खोलीत. एवढ्या वेळात वहीचं एकच पान, डावं-उजवं दोन्ही. विट्याहून कराडला जाता-येता गाडीत नवीन काही वाचू नका, कालचं पान डोळे मिटून स्वतःला सांगा. डेस्कवर सात ते साडेआठ बातम्या यायच्या असतात, हात रिकामे असतात. तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिकेतले दहा प्रश्न. सुट्टीच्या दिवशी सकाळी पूर्ण पेपर, तीन तास लावून, उठायचं नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका खणात टाका: माहीत नव्हतं, माहीत होतं पण गोंधळले, घाईत वाचलं. पहिल्या चार रविवारी दुसरा खण सर्वांत मोठा निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तो वाचून नाही तर त्या दोन जवळच्या कल्पना एका पानावर शेजारी लिहून कमी होतो.

दहा घटक, घटकाला दोन आठवडे, म्हणजे वीस आठवडे. उरलेले पाच-सहा फक्त प्रश्नपत्रिका. मधे गणपती आहेत, पूर आला तर चार दिवस तुम्हाला घर दिसणार नाही, ते धरूनच सांगते आहे. वहीची सुरुवात गेटकीपिंगने करा. आज रात्री पान सोडलं की मारलेल्या बातम्यांचा गठ्ठा टोपलीत न टाकता पिशवीत घालून घरी घेऊन या.